हातावर काहीच उठलं नाही

पुण्याला परत येऊन दोन महिने झाले. भेटेल तो विचारतो, यवतमाळला पाहण्यासारखं काय आहे? लोक महाबळेश्वरला जातात, पैसे असले तर काश्मीरला जातात आणि येताना अक्रोड आणतात. मी यवतमाळ जिल्ह्यात जाऊन आले आणि येताना काय आणलं ते एकदाच लिहून टाकावं म्हणजे पुन्हा पुन्हा सांगावं लागणार नाही. वाचून तुम्हाला तिकडं जावंसं वाटेल असं यात फारसं नाही. त्यात त्या जिल्ह्याचा काही दोष नाही, हे आधीच सांगते.

मी डॉक्टर आहे, पण माणसांची नव्हे, गिनीपिगांची. माझं काम काय, हे माझ्या सासूबाईंनाही कधी पटलेलं नाही, तरी थोडक्यात सांगते. आपल्या मूत्रपिंडांच्या टोकांवर दोन चिमुकल्या ग्रंथी असतात. त्यांचा रस रक्तात उतरतो आणि त्याच्या जोरावर आपण आजार, उपास, भीती सगळं सोसतो. त्या रसासारखी औषधं आता कारखान्यात होतात. त्यांना स्टिरॉइड म्हणतात. दुसरी गोष्ट क्षयाच्या चाचणीची. क्षयाच्या जंतूंचा अर्क हाताच्या कातडीत टोचला, की ज्याच्या शरीरात तो जंतू पूर्वी शिरलेला असतो त्याच्या हातावर तिसऱ्या दिवशी लाल चट्टा उठतो. रक्तातल्या एका पांढऱ्या पेशीला जुना शत्रू ओळखू येतो, ती बाकीच्यांना निरोप धाडते आणि सगळ्या तिथं गोळा होतात. पण गिनीपिगाला स्टिरॉइड दिलं तर काहीच उठत नाही. पेशी असतात, जंतूही असतो, निरोप मात्र वाटेत कुठंतरी अडतो. दवंडीच्या ढोलावर कुणी गोधडी टाकावी तसं. तो नेमका कुठं अडतो हे शोधण्यात माझी सहा वर्षं गेली. अजून सापडलेलं नाही.

आमच्या प्रयोगशाळेच्या सरांची एक लाडकी कल्पना होती. रानावनात कष्टात राहणाऱ्यांच्या ग्रंथी मुळातच जास्त रस सोडत असणार, म्हणून त्यांच्या हातावर चट्टे कमी उठत असणार. ते तपासायला माणसं हवी होती. सरांनी यवतमाळ जिल्हा नकाशात पाहिला होता आणि तिथल्या एका क्षय-पथकाशी त्यांचा पत्रव्यवहार होता. एकोणीसशे बासष्टच्या जानेवारीत त्यांनी मला पाठवलं. मी निघण्याआधी तीन आठवडे प्रत्येक गावाला पत्र जाईल अशी व्यवस्था करवून घेतली, कारण अचानक गेलं की माणसं शेतात असतात आणि आकडे अपुरे राहतात. माझं काम नेहमी असं चोख असतं.

यवतमाळ

धामणगावला आगगाडीतून उतरून मोटारीनं यवतमाळला आले तेव्हा दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता आणि वेचणाऱ्या बायका कमरेला ओटी बांधून पुढं सरकत होत्या. सरकी काढायच्या जिनांच्या आवारात गाड्यांची रांग, रस्त्यावर, झाडांवर, विजेच्या तारांवर कापसाचा धुरळा. आमच्याकडे पुण्यात पाहुण्याला आधी विचारतात, जेवून आलात की घरी जाऊन जेवायचंय? इथं पहिल्याच घरात माझ्यासमोर न विचारता ताट आलं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणि वर तेल सोडलेला लाल ठेचा.

ताट भाऊरावांच्या घरचं होतं. भाऊराव हे पथकाचे आरोग्यसेवक, जीपचे चालक, माझे दुभाषी आणि पुढचे पंधरा दिवस माझे पालकही. पन्नाशीचे, सडपातळ, डोक्यावर टोपी, बोलण्यात घाई नाही. मी ठेच्याला बोट लावलं आणि डोळ्यांतून पाणी काढलं तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "बाईसाहेब, इतक्यात रडून राह्यल्या तर पुढं कसं होईन?" मी त्यांना हसून दाखवलं. ते वाक्य आता आठवलं की हसू येत नाही.

पांढरकवडा

पांढरकवडा हे नागपूरहून हैदराबादेला जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावरचं गाव. एका अंगाला साग आणि दुसऱ्या अंगाला ट्रक. उत्तरेहून संत्री खाली जातात, दक्षिणेहून काय काय वर येतं ते त्या ट्रकवाल्यांनाच ठाऊक. डाक बंगल्यात माझी सोय होती. खानसाम्यानं पहिल्या दिवशी विचारलं, कोंबडी चालते का? मी नाही म्हटलं. मग त्यानं पाच दिवस सकाळ-संध्याकाळ वांगं घातलं, असं चविष्ट की मी तक्रार केली नाही.

बंगल्याच्या पायऱ्या उतरताना माझा पाय मुरगळला आणि गुडघा हा हा म्हणता सुजला. शोभा नको म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. पुण्याच्या डॉक्टरीणबाई पहिल्याच दिवशी लंगडल्या हे गावभर व्हायला मात्र अर्धा तासही लागला नाही.

तांडा

तांड्याचं नाव लिहीत नाही. पांढरकवड्यापासून जीपनं तासाभराच्या वाटेवर, एका नाल्याच्या पलीकडं पंचवीस-तीस घरं. इथली माणसं गोर, म्हणजे बंजारा. यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरत. रेल्वे आली आणि तो धंदा संपला. आता यांची स्वतःची शेतं आहेत. घरात गोरबोली, बाजारात वऱ्हाडी. बायकांच्या अंगावर आरशांची कांचळी आणि फेट्या म्हणजे घेरदार घागरे, आणि दंडापासून मनगटापर्यंत पांढऱ्या रुंद बांगड्या. त्यांना बलिया म्हणतात. लग्नात चढतात आणि नवरा गेला तरच उतरतात.

या बलियांनी आमची फजिती केली. सुई हाताच्या पुढच्या भागात टोचायची आणि तिथं तर कातडी दिसतच नव्हती. मी म्हटलं, थोड्या वेळापुरत्या काढा. असं शांत झालं सगळं, की काहीतरी अभद्र बोलले हे भाषा न कळताही मला कळलं. शेवटी एका बाईनं पुढं येऊन आपल्या बलिया दोन बोटं वर सरकवल्या, उघड्या पडलेल्या पट्टीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, इथं टोच. मग बाकीच्यांनी तिचं पाहून तसंच केलं.

तिचं नाव जमली. तांड्याच्या नाईकाची थोरली सून, तिशीची, दोन मुलींची आई. गोल चेहरा, गालांवर लाली, अंगानं भरलेली. मधूनच थोडी खोकायची आणि पदराआड तोंड फिरवायची. बलियांच्या खाली कातडीवर निळसर डाग होते. मला वाटलं, बांगड्या घासून पडले असतील. भाऊराव म्हणाले, मागच्या वर्षी ही अगदी काडी होती, सांधे धरून बसलेली असायची. मी माझ्या वहीत तिच्या नावापुढं लिहिलं, सुदृढ. स्टिरॉइड फार दिवस पोटात गेलं की माणसाचा चेहरा चंद्रासारखा गोल होतो आणि कातडीखाली जरा कशानं रक्त साकळतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण गिनीपिगाचा चेहरा गोल होत नाही, आणि मला पाहायची सवय गिनीपिगांची.

नाईकाचं नाव हरसिंग. साठीचा, मिशा पांढऱ्या, आवाज हळू. तांड्यात नाईकाचा शब्द म्हणजे सगळ्यांचा शब्द, हे मी ऐकून होते, तिथं पाहिलं. त्यानं हात पुढं केला आणि मागोमाग सगळा तांडा रांगेत उभा राहिला. पुण्यात आमच्या वाड्यात देवीची लस टोचायची तर निम्मी बिऱ्हाडं दाराला कडी लावतात. मला त्या शिस्तीचं फार कौतुक वाटलं.

तिसऱ्या दिवशी

तिसऱ्या दिवशी हात पाहायला गेलो तर अंगणं शेणानं सारवलेली, दारांवर आंब्याची पानं. रांग पुन्हा उभी. मी मोजपट्टी घेऊन बसले. पहिला हात, काही नाही. दुसरा, काही नाही. म्हातारे, तरणे, बायका, कोणाच्याच हातावर काही उठलेलं नव्हतं. आपल्या देशात मोठ्या माणसांत निम्म्यांच्या तरी हातावर उठावं. इथं क्षयाचे रोगी निघाल्याची मागच्या वर्षीची नोंद होती आणि तरीही सगळे हात कोरे.

मला आनंद झाला. हे मी लपवत नाही. सरांची कल्पना खरी निघत होती आणि ती खरी करणारी मी होते. भाऊराव प्रत्येक हाताला "निरंक" म्हणत लिहीत होते आणि त्यांचा चेहरा पडत चालला होता. मध्येच थांबून ते म्हणाले, औषध खराब झालं असेल बाईसाहेब. मी म्हटलं, त्याच बाटलीतलं मी तुम्हाला टोचलं होतं, बघा तुमचा हात. त्यांच्या हातावर रुपयाएवढा चट्टा होता. ते पुन्हा लिहायला लागले.

मी नाईकाला सांगितलं की तुमचा तांडा स्वच्छ आहे. त्यानं ते गोरबोलीत सगळ्यांना सांगितलं आणि असा जल्लोष झाला की मी गांगरले. बायकांनी फेर धरला. सगळ्यांत पुढं जमली होती. नाचायची, दम लागला की खोकायची, परत नाचायची. गुळाची लापशी आली. तिच्याआधी बकऱ्याच्या रक्ताची सळोई आली होती, ती भाऊरावांनी माझ्या वाटची संपवली.

मी पाय लांब करून बसले होते. जमली नाचून घामाघूम होऊन माझ्याजवळ येऊन टेकली, माझा सुजलेला गुडघा पाहिला आणि ओढणीच्या गाठीतून एक पांढरी गोळी काढून माझ्या हातावर ठेवली.

"खाय बाई, सूज उतरते," ती म्हणाली. "आमच्या हातावरची उतरली, मंग तुह्या पायाची नाई उतरनार काय?"

मी विचारलं, हातावरची म्हणजे काय? तिनं सासऱ्याकडं पाहिलं. नाईकाला वाटलं असावं की आता निकाल लागलाय, सांगायला हरकत नाही. शिवाय तो खूश होता. त्यानं सगळं सांगितलं.

मागच्या वर्षी पथक आलं होतं. ज्यांच्या हातावर चट्टे उठले त्यांना छातीचा फोटो काढायला म्हणून लॉरीत घालून नेलं. त्यातल्या तिघांना तिकडंच दूरच्या दवाखान्यात ठेवलं. दोघं वारली. तिसरी परत आली तर तिच्या तांब्यातलं पाणी कोणी पिईना, ती माहेरी निघून गेली. चट्टा म्हणजे रोग नव्हे, चट्टा म्हणजे फक्त कधीकाळी जंतू शिरला होता, हे पथकातल्या कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी जे पाहिलं ते एवढंच, की लाल हात लॉरीत जातो. पण जमलीच्या हातावर काही उठलं नव्हतं.

"तिच्या संग टोचलेल्या जावांच्या, नणंदेच्या, साऱ्यायच्या हातावर उठलं," नाईक म्हणाला. "एकच घर, एकच चूल. आमी इचार केला, फरक कायचा हाय. फरक गोळीचा होता."

जमली सांध्यांसाठी बाजारातल्या एका गोळीवाल्याकडून गोळ्या घेत होती, तेव्हा महिनाभर झाला होता. म्हणून यंदा सरकारी पत्र आलं त्याच दिवशी नाईकानं सगळ्या तांड्याला गोळ्या आणवल्या. तीन आठवडे सगळ्यांनी रोज खाल्ल्या. पाहुणे यायच्या आधी अंगण सारवतात तसे त्यांनी आमच्यासाठी हात साफ करून ठेवले होते.

मला सहा वर्षं आणि कित्येक पिंजरे लागले होते ते या माणसांनी एका वर्षात, एका चुलीवर, नुसत्या डोळ्यांनी शोधून काढलं होतं. पुण्याला आल्यावर मी हे सरांना सांगितलं, तेव्हा ते चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे माणसातला प्रयोग आयताच झाला की." त्या दिवसापासून मी त्यांच्या खोलीत कामाशिवाय जात नाही.

बाजार

दुसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. मिरच्यांचे ढीग, मोहाची फुलं, मातीची भांडी, बैलांच्या घुंगरमाळा. रानातल्या कोलाम आदिवासी बायका डिंक आणि बांबूच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. गोळीवाला वडाखाली होता. डोळ्यांत सुरमा, समोर चादरीवर काचेच्या बरण्या, आणि वागणूक अतिशय अदबीची. मी लंगडत गेले तर त्यानं मला बसायला खोकं दिलं आणि गुडघ्यासाठी तीच पांढरी गोळी पुढं केली. मी म्हटलं, आधी डबा दाखवा. त्यानं कसलीही लपवाछपवी न करता खालून पत्र्याचा डबा काढला. त्यावरचं नाव मी वाचलं. तेच नाव माझ्या कपाटातल्या बाटलीवर आहे.

कुठून येतो हा डबा, हे मी विचारलं. ट्रकवाले आणतात, तो म्हणाला. काय असतं यात? तो म्हणाला, "आराम है बाईजी, दुसरं काय." लोक त्याला दुवा देत होते. मी त्याच्यावर चिडले, पोलिसात देईन म्हणाले. तो हात जोडून ऐकत राहिला. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते मला.

आणि मला काय ठाऊक होतं, तेही सांगते. जंतू शिरलेल्या प्रत्येकाला क्षय होत नाही, कारण पेशी त्याला गराडा घालून बसलेल्या असतात. गोळीनं त्यांचे निरोप थांबले की गराडा सुटतो. आमच्या पिंजऱ्यांत अशी जनावरं आधी गुबगुबीत दिसत आणि मग महिन्याभरात आतून पोखरली जात. मला एकाएकी जमलीचा गोल चेहरा आणि पदराआडचा खोकला दिसायला लागला. मी भाऊरावांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता तांड्यावर चला.

पुन्हा तांडा

जमलीची थुंकी मी डबीत घेतली. मग नाईकाच्या अंगणात सगळ्यांना बसवलं. मी रागावले होते, घाबरले होते, आणि या दोन्हींत माझा आवाज चढतो. भाऊराव एकेक वाक्य वऱ्हाडीत सांगत होते. मी म्हटलं, आजपासून एकानंही ही गोळी तोंडात घालायची नाही. हे विष आहे. आता बरं वाटतं, पण हे आतून खातं. नाईकजी, तुमचा शब्द द्या.

हरसिंगनं आधी दाराकडं पाहिलं. मग त्यानं विचारलं, जमलीला लॉरीत नेणार का? मी म्हटलं, थुंकीत जंतू निघाले तर औषध द्यावं लागेल, कुठं द्यायचं ते बघू. जमली दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती म्हणाली, "मले दूर नेऊ नका बाई. पोरी लहान हायत. इथंच काय द्याचं ते द्या." मी तिला कबूल केलं की मी त्यासाठी भांडेन.

नाईकानं शब्द दिला. नुसता दिला नाही, तिथल्या तिथं पाळला. घरोघरच्या पुड्या, चिंध्यांच्या गाठी, डबे, सगळं अंगणात आलं आणि चुलीतल्या निखाऱ्यांवर ओतलं गेलं. जमलीनं आपल्या ओढणीची गाठ सोडून सगळ्यांसमोर झटकली. मला समाधान वाटलं. पुण्यात सल्ला दिला तर माणसं तीन डॉक्टरांना विचारतात. इथं एका शब्दात काम झालं होतं.

महागाव

तिथून आम्ही जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, महागावकडं गेलो. कापसाचा बाजार, काळी जमीन, रात्रीची कडाक्याची थंडी. तिथल्या गावांत निम्म्यांच्या हातावर चट्टे उठले, जसे कुठंही उठतात. सरांच्या कल्पनेचा मी मनातल्या मनात निकाल लावला. एका शेतावर आम्हाला हुरडा मिळाला, तिळाच्या चटणीबरोबर. इतका गोड हुरडा मी आयुष्यात खाल्ला नव्हता, आणि खाताना मला कसलीही चिंता नव्हती, हे मी स्वतःला विसरू देत नाही.

परतीच्या वाटेवर यवतमाळला थांबून जमलीच्या थुंकीची काच मीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. लाल काड्याच काड्या. जंतू भरपूर होते. पण तिथल्या डॉक्टरांशी मी दोन तास भांडले आणि जिंकले. आता अशा रोग्याला घरी ठेवूनही बरं करता येतं, फक्त औषध चुकू द्यायचं नाही. भाऊराव आठवड्यातून दोनदा तांड्यावर जाऊन सुई देणार, बाकी गोळ्या घरात. लॉरी नाही, दूरचा दवाखाना नाही. सुयांचं खोकं मांडीवर घेऊन मी जीपमध्ये बसले. वर्षाभरात ती खरोखरची सुदृढ होईल, असं मी भाऊरावांना म्हणाले. ते म्हणाले, तुमच्या तोंडात साखर पडो.

शेवटचा दिवस

नाला ओलांडला तेव्हा कोणी सामोरं आलं नाही. नाईकाच्या अंगणात पुरुष बसले होते, डोकी उघडी. जमली जाऊन दोन दिवस झाले होते.

मी खोकं घेऊन उभीच राहिले. भाऊरावांनी ते माझ्या हातातून घेतलं. नाईकानं मला खाट दिली, पाणी दिलं, आणि मी विचारलं म्हणून सगळं क्रमानं सांगितलं. आम्ही गेल्यावर दोन दिवस ती बरी होती. मग अन्न जाईना, उलट्या व्हायला लागल्या. पोट दुखायचं. उठून उभी राहिली की डोळ्यांपुढं अंधार येऊन पडायची. अंग थंड पडलं, घाम सुटला, बोलताना जीभ जड झाली. पाचव्या दिवशी सकाळी मुलीला हाक मारली आणि संपली. खोकला तर तिला पहिल्याइतकाच होता.

क्षयानं माणूस असा चार दिवसांत जात नाही. बाकीच्या तांड्यानं तीन आठवडेच गोळ्या खाल्ल्या होत्या, त्यांना काही झालं नाही. जमलीनं वर्षभर खाल्ल्या होत्या. वर्षभर बाहेरून रस मिळत राहिला की आपल्या ग्रंथी काम सोडून देतात, वाळून जातात. अशा माणसाची गोळी एकदम तोडायची नसते. महिनोन्‌महिने, थोडी थोडी कमी करत उतरवायची असते. हेही मी वाचलं होतं. ते पान डाव्या हाताला होतं, इतकं मला आठवतं. पण आमच्या गिनीपिगांचं औषध आम्ही कधी थांबवतच नाही. प्रयोग संपला की त्यांना मारून टाकतो. थांबवल्यावर काय होतं हे माझ्या डोळ्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं, म्हणून ऐन वेळी ते माझ्या डोक्यात आलं नाही. जमलीला जंतूनं मारलं नाही, गोळीवाल्यानंही नाही. तिला मी मारलं, माझ्या चोख कामानं.

मी विचारलं, तिनं गोळी मागितली होती का?

"मांगतली," नाईक म्हणाला. "दोन रोज मांगत होती. म्हने एकच द्या, आंगातून जीव चालला माह्या. पन तुमी विष म्हनलं होतं. मी शब्द देल्ला होता." त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती, तेच मला सोसवेना. "बरोबर केलं ना बाई आमी?"

भाऊरावांनी मान खाली घातली. त्यांना सगळं कळलं होतं की नाही, मी आजवर विचारलेलं नाही. परतताना धामणगावच्या फलाटावर मी स्वतःची समजूत घातली, की खरं सांगितलं असतं तर त्या म्हाताऱ्याला आपण सुनेला हातानं मारलं असं वाटत राहिलं असतं, म्हणून मी त्याला तसं उत्तर दिलं. ते खोटं आहे. मला भीती वाटली, एवढंच.

मी म्हणाले, "हो."

नाईकानं ते गोरबोलीत बाकीच्यांना सांगितलं. कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून जमलीचा नवरा बसला होता, थावरू. मी आल्यापासून त्यानं मान वर केली नव्हती. तो उठला, माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला, कमरेची गाठ सोडली आणि माझ्या हातावर एक पांढरी गोळी ठेवली.

"जाळायच्या रोजी म्या ही लपवली होती," तो म्हणाला. "तिनं माह्ये पाय धरले. म्या काढली, तिच्या तोंडापाशी नेली, अन् पुन्हा बांधून ठेवली. तवापासून मले वाटून राह्यलं होतं का देयाले पाह्यजे होती." त्यानं हातांच्या तळव्यांनी तोंड पुसलं. "आता तुमी सांगतलं बाई. आता बरं वाटलं."

त्या एका गोळीनं काय झालं असतं, हे मला कुणी विचारू नये. मला उत्तर येतं. मी ती रुमालात बांधली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि भाऊरावांना म्हटलं, चला, उशीर होतोय.